ट्रंपेटच्या तोंडाशी असलेली रबरी वाटी

मित्रांनो, मी एक जुनी रबरी वाटी आहे. वाटी म्हटल्यावर तुम्हाला भूक लागली असेल तर आधीच सांगते, माझ्यात कुणी काही वाढून घेत नाही. सिंक तुंबलं की लाकडी दांड्याचा जो पंप घरभर शोधला जातो, त्याच्या टोकाला विटकरी रंगाची टोपी असते ना, ती मी. नाक मुरडून झालं असेल तर पुढचं ऐका. जॅझच्या एका अल्बममध्ये मी वाजले आहे. त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या चालीत ट्रंपेटच्या तोंडाशी मीच आहे. मुखपृष्ठावर माझा फोटो आहे आणि तो बरा आला आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या साच्यात रबराचा गोळा दाबला, झाकण बंद झालं आणि उघडलं तेव्हा मी होते. कडेला राहिलेलं जादा रबर एका बाईने सुरीने कापून काढलं. ती दिवसभर तेच काम करायची आणि शेजारणीशी अखंड बोलायची, पण आमच्यापैकी एकीचीही कड तिने वाकडी कापली नाही. मग दांडा बसवून मला हार्डवेअरच्या दुकानात पाठवलं. तिथे मी नळांच्या तोट्यांशेजारी लटकत होते. तोट्या चकचकीत होत्या आणि त्यांना त्याची जाणीव होती. आपल्या नशिबात काय आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, त्यामुळे मी स्वप्नंबिप्नं बघितली नाहीत.

मला विकत घेतलं एका प्लंबरने. त्याला सगळे नळवाला म्हणत. उंच, किडकिडीत माणूस, आणि अंगाच्या मानाने आवाज फारच मोठा. त्याच्या पिशवीत पाने, पकडी, दोऱ्याची गुंडी आणि मी, असा आमचा संसार होता. तो रोज दुसऱ्यांच्या घरचे नळ दुरुस्त करायचा आणि त्याच्या स्वतःच्या घरातल्या नळाला मात्र धड पाणी नसायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या घरात तिघंजण राहत: नळवाला, त्याची आई आणि त्याची बायको. बायको ट्रंपेट वाजवायची. तिचा धाकटा भाऊ तिच्याच बँडमध्ये ड्रम वाजवायचा. तो तिला ताई म्हणे, म्हणून बँडमधले सगळेच ताई म्हणत, आणि मीही तेच म्हणते. ताई रियाजाला स्वयंपाकघरात बसायची, कारण तिथल्या भिंतींना फरशा होत्या आणि फरशांवरून सूर खणखणीत परत यायचा. सासूबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. ट्रंपेटला त्या भोंगा म्हणत. "भोंगा आवर, मला फोडणी ऐकू येत नाही," हे त्यांचं रोजचं वाक्य. पण ताई कामावरून उशिरा आली की तिच्या रियाजाआधी ओटा पुसून ठेवलेला असायचा, आणि तो पुसणारं माणूस त्या घरात एकच होतं.

ताईला त्या सुमारास एकच ध्यास लागला होता. ट्रंपेटने नुसतं वाजू नये, बोलावं. फार पूर्वीच्या वादकांनी त्यासाठी ट्रंपेटच्या तोंडावर काहीतरी धरून, उघडझाप करून बघितलं होतं. ताईने सासूबाईंची स्टीलची वाटी घेतली. वाटी टणटण वाजली, हातातून निसटली आणि तिला पोचा पडला. सासूबाईंनी त्या पोच्यावरून दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी नळवाल्याने पिशवीतून मला काढलं, दांडा फिरवून वेगळा केला आणि मला ताईच्या हातात ठेवलं.

"ही घे," तो म्हणाला. "कोरी आहे. अजून एकाही मोरीचं तोंड बघितलेलं नाही."

ताईने मला ट्रंपेटच्या तोंडाशी धरून पहिला सूर काढला आणि मी दचकले. मित्रांनो, तुम्हीही करून बघा. तोंडावर तळहात ठेवून 'आ' म्हणा आणि म्हणता म्हणता हात काढा. आधी 'ऊ' ऐकू येतो, मग 'आ'. बस्स, एवढंच माझं काम. सूर ताईचा, फुंकर ताईची. मी फक्त दार लोटते आणि उघडते. पण त्या एवढ्याशा उघडझापीत ट्रंपेट कुरकुरायला लागला, लाडात यायला लागला, विचारायला आणि रुसायला लागला. नळवाला हसता हसता खाली बसला. सासूबाई म्हणाल्या, आता हा भोंगा उलटून बोलायलाही लागला.

पुढची काही वर्षं माझ्या आयुष्यातली सुखाची. बँडबरोबर मी गावोगाव फिरले. मंचावर ताईने मला उचललं की आधी लोक हसायचे, कारण मी कोण आहे हे सगळ्यांच्या घरात सगळ्यांना माहीत असतं. मग ताई वाजवायला लागायची आणि हसणं आपोआप थांबायचं. ताईचा मला फार अभिमान वाटायचा. ट्रंपेट हे मोठं मानी वाद्य आहे. चार दिवस पाठ फिरवली तर ओळख दाखवत नाही. ताईने कधी पाठ फिरवली नाही. ओठ सुजले तरी, ताप असला तरी, निदान सावकाश लांब सूर धरून बसायची. तिच्या हाताच्या घामाने माझी कड मऊ होत गेली आणि ती मऊ होत गेली तसा माझा आवाजही माणसाच्या जवळ आला.

आता नळवाल्याच्या मोठ्या आवाजाचं कारण सांगते. पाइपचं काम करताना इमारतीचा मुख्य कॉक बंद करावा लागतो, आणि तो असतो खाली, जिन्याच्या मागे. काम झालं की खाली जाऊन कॉक उघडायचा आणि वरच्याला ओरडून विचारायचं, पाणी आलं का. वर नळाशी उभं राहून कुणीतरी 'नाही' म्हणायचं, की हा अजून थोडा फिरवायचा. जगभरातले नळवाले हेच करत असतील. पण आमच्या नळवाल्याची हाक वेगळी होती. "आलं काऽऽ?" असं तो विचारायचा, आणि तो 'का' जिन्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत वळत वळत वर यायचा. स्वतःच्या घरचं पाणी तर दर आठवड्याला रुसलेलं. मग तो खाली कॉकपाशी, सासूबाई वर सिंकपाशी. तो विचारणार, त्या "नाही" म्हणणार. पुन्हा तो, पुन्हा नाही. शेवटी पाणी आलं की त्या "आलं" म्हणायच्या, तेही उपकार केल्यासारखं. ताई रियाज करता करता थांबून ते ऐकत बसायची.

एके सकाळी असंच पाणी गेलं. ताई तालमीला गेली होती. मी खिडकीत वाळत होते. सासूबाई नळ उघडा ठेवून पलीकडच्या घरी गेल्या आणि तिथे बोलण्यात गुंतल्या. खालून हाक आली, "आलं काऽऽ?" सिंकमध्ये पाणी पडायला लागलं होतं. मला ते दिसत होतं. पण ट्रंपेटशिवाय मी मुकी. त्याने पुन्हा विचारलं, मग पुन्हा. वरून कुणी बोलेना, म्हणून तो स्वतःच बघायला जिना चढू लागला. दुसऱ्या मजल्यावर त्याच्या छातीत कळ आली आणि तो तिथेच बसला. तो परत उठला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचा आजार जुना होता, जिना चढला नसता तरी ते झालंच असतं. ताईने ते ऐकलं आणि हळूहळू पटवून घेतलं. सासूबाईंनी ऐकलंच नाही. त्यांनी मुलाची पिशवी आपल्या खाटेखाली ओढून घेतली आणि त्याचं नाव घरात काढणं बंद केलं.

ताईचा ट्रंपेट कपाटावर गेला. माझं काय झालं ते सांगायला थोडं संकोचल्यासारखं होतं, पण खोटं कशाला बोलू. घर आवरताना मी सासूबाईंच्या हाती लागले. त्यांनी पिशवीतला दांडा काढला, मला त्यावर बसवलं आणि सिंकखाली उभं केलं. ज्यासाठी जन्माला आले ते काम मी उतारवयात सुरू केलं. काम वाईट नव्हतं. तुंबलेलं पाणी गुडगुड करत खाली गेलं की बरं वाटतं. फक्त ज्या तोंडाने एकदा बोलून झालं आहे, त्या तोंडाने नुसती गुडगुड करायची, हे जिवावर यायचं.

मग एकदा ताईचा भाऊ जेवायला आला. हात धुताना पाणी तुंबलं, त्याने खाली वाकून पंप काढला आणि तो तसाच हातात धरून बाहेर आला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ही ताईची वाटी आहे, ही इथे काय करतेय, असं त्याने विचारलं. सासूबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "पंप आहे तो. पंपाचं काम करतोय."

ताई हसली. त्या घरात कितीतरी महिन्यांनी कुणीतरी हसलं होतं. हसता हसता ती रडली, मग उठली आणि तिने मला साबणाने, गरम पाण्याने, पुन्हा साबणाने धुतलं. दुसऱ्या दिवशी ट्रंपेट कपाटावरून खाली आला.

अल्बमची कल्पना त्यातूनच निघाली. ट्रंपेटने आधी ताईच्या नाकी नऊ आणले. ओठ ऐकेनात, वरचे सूर फाटायचे. ती शिकाऊ पोरीसारखी पहिल्या धड्यापासून सुरू झाली आणि मला तिच्याबद्दल जो आदर वाटतो तो त्या दिवसांचा आहे. टाळ्या पडत असताना वाजवणं सोपं असतं. हळूहळू चाली जमल्या. सगळ्या तिच्या इमारतीतल्या. एक चाल जिन्याची होती. एक गळक्या नळाची, तिच्यात धाकटा एका काडीने असा काही थेंब थेंब वाजवायचा की ऐकणाऱ्याला उठून नळ बंद करावासा वाटायचा. एक वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकवणाऱ्या माणसाची. पियानो, बास, सॅक्सोफोन, सगळे त्या इमारतीत राहायला आल्यासारखे वाजत होते.

आणि मधोमध ती चाल होती. ताईने मला उचललं, ट्रंपेटच्या तोंडाशी धरलं आणि वाजवलं, "आलं काऽऽ?" मित्रांनो, तो तोच होता. तोच वळत वळत वर येणारा 'का'. नळवाल्याचा आवाज कुठेही टिपून ठेवलेला नव्हता, फक्त ताईच्या कानात होता, आणि आता तो खोलीत उभा होता. पहिल्यांदा या हाकेला सॅक्सोफोनने उत्तर द्यायचं ठरलं होतं. उत्तर फार सुरेख यायचं, आणि नेमकं तेच ताईला खटकत होतं. तिने ते काढून टाकलं. हाक झाली की सगळ्यांनी थांबायचं. काहीच वाजवायचं नाही. मग पुन्हा हाक. वाजवणाऱ्याला गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं, पण तिने ते सगळ्यांकडून करून घेतलं.

घरी सासूबाईंनी ती हाक ऐकली आणि हातातलं भांडं खाली ठेवून त्या गॅलरीत गेल्या. दार लावून घेतलं. असं रोज व्हायला लागलं. शेवटी ताई त्यांच्यापाशी जाऊन बसली. म्हणाली, "आई, एकदा नीट ऐका. तुम्ही नको म्हणालात तर मी ही चाल घेणार नाही."

"तू हाक मारून थांबतेस," सासूबाई म्हणाल्या. "तुझं ते थांबणं मला ऐकवत नाही गं. त्या दिवशी मी नळाशी उभी असते तर तो जिना चढला नसता."

ताईने डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा सांगितलं. आजार जुना होता, तुमचा काही दोष नाही, हेही सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. सासूबाई खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

ताईने ठरवून टाकलं. चाल अल्बममध्ये घ्यायची नाही. धाकटा हादरला. अल्बमचा जीवच काढून घेतेयस, तो म्हणाला, मग उरतं काय? त्याचं चुकत नव्हतं. तिने इतक्या कष्टाने उभं केलेलं सगळं त्या एका चालीवर टेकलं होतं, आणि ताईला ते त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं. ती एवढंच म्हणाली, की आवाज त्यांच्या मुलाचा आहे. सूर माझे असले म्हणून काय झालं.

रेकॉर्डिंग सुरू झालं. जिना झाला, गळका नळ झाला, खुर्च्या सरकून झाल्या. मी पेटीत पडून होते. शेवटच्या दिवशी सकाळी ताई निघाली तेव्हा सासूबाई चपला घालून दारात उभ्या होत्या. हातात पाण्याची बाटली आणि स्वेटर.

"तिथे पाठीची खुर्ची आहे का?" त्यांनी विचारलं. "असेल तर येते. घे तुझी ती चाल."

पाठीची खुर्ची होती, पण ती वाजवण्याच्या खोलीत. काचेपलीकडे, जिथे रेकॉर्डिंग करणारा बसतो, तिथे पाहुण्यांसाठी खोलगट सोफा होता आणि त्यात बसल्या असत्या तर सासूबाईंना उठवायला दोन माणसं लागली असती. त्यामुळे त्या आमच्यातच बसल्या, एका कोपऱ्यात. रेकॉर्डिंगवाल्याने त्यांना नम्रपणे समजावलं, की लाल दिवा लागला की हलायचं नाही, खोकायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. चपलांचा आवाज होत होता म्हणून त्यांनी त्या काढून ठेवल्या. म्हणाल्या, "मला काय बोलायचंय? मी गप्पच असते."

ताईने मला पेटीतून काढलं. दिवा लागला. बास सुरू झाला, त्यावर पियानो, आणि मग ताईने हाक मारली.

"आलं काऽऽ?"

सगळे थांबले. मला सासूबाई समोर दिसत होत्या. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. ताईने डोळे मिटले होते, नाहीतर तिला पुढे वाजवता आलं नसतं. पुन्हा बास, पुन्हा पियानो, पुन्हा हाक. दुसऱ्या वेळी मी थोडी जास्त उघडले, म्हणून हाक जरा वरून आली, जिना अर्धा चढून आल्यासारखी. पुन्हा सगळे थांबले. सासूबाईंचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मला वाटलं, आता त्या उठून बाहेर जातील आणि सगळं संपेल.

तिसरी हाक ताईने अगदी हळू मारली. विचारून विचारून थकलेल्या माणसाने मारावी तशी.

"आलं," सासूबाई म्हणाल्या. "आलं रे, आलं. ये आता वर. किती वेळ उभा राहशील खाली?"

लाल दिवा चालू होता. ठरल्याप्रमाणे चाल इथे संपायची होती, पुढे काही लिहिलेलंच नव्हतं. मग धाकट्याने ड्रमवर बोटांनी पावलं वाजवायला सुरुवात केली, एक पायरी, एक पायरी. ताईने मला ट्रंपेटवरून काढून मांडीवर ठेवलं. आता दार लोटायचं कारण उरलं नव्हतं. मोकळ्या ट्रंपेटने ती चढायला लागली. पहिला मजला, दुसरा मजला. दुसऱ्यावर तिचा सूर थरथरला आणि मला वाटलं, फाटतो. तो फाटला नाही. ती तिथे श्वास घेऊन पुढे गेली, वर, अगदी वर, आणि शेवटचा सूर संपेपर्यंत धरून ठेवला. इतकं सुंदर तिने त्याआधी वाजवलं नव्हतं आणि त्यानंतरही मी ऐकलेलं नाही.

दिवा विझला. रेकॉर्डिंगवाला आत आला. त्याचेही डोळे पाणावले होते, पण कामाचा माणूस, त्याने आपलं काम केलं. आजी मधे बोलल्या, पुन्हा एकदा घेऊन ठेवू या का, असं त्याने विचारलं.

"पुन्हा कशाला खाली पाठवताय त्याला?" सासूबाई म्हणाल्या. "आलाय तो वर."

ताई त्यांच्यापाशी जाऊन जमिनीवर बसली आणि तिने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. सासूबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, 'का' बरोबर लांबवलास, तो असाच लांबवायचा.

अल्बम निघाला. त्यावर सासूबाईंचा आवाज जसाच्या तसा आहे. लोक विचारतात, ती गायिका कोण. सासूबाई सांगतात, गायिका वगैरे कुणी नाही, मी पाणी आलं म्हणून सांगत होते. त्यांनी मुलाची पिशवी खाटेखालून काढून दाराशी ठेवली आहे, शेजाऱ्यांना काही लागलं तर त्यातला पाना देतात आणि हा माझ्या मुलाचा म्हणून सांगतातही. सिंकसाठी घरात नवा पंप आला आहे. ट्रंपेटला त्या अजून भोंगा म्हणतात.

माझ्या कडेला आता बारीक चिरा पडल्या आहेत. रबर जुनं झालं की तसंच होतं. ताई रोज वाजवून झाल्यावर मला पुसते आणि उन्हापासून दूर ठेवते. तुमच्याही घरात अशा वस्तू असतील, त्यांना पुसून जागेवर ठेवा, आणि सिंकमध्ये खरकटं टाकू नका, एवढं तर कुणीही सांगेल. मला सांगायचं आहे ते दुसरंच. मित्रांनो, कुणी हाक मारली तर ओ द्या. हातातलं काम बाजूला ठेवून द्या. आणि एखादी ओ द्यायची राहून गेली असेल, तर उशीर झाला तरी ती द्या.